पुंजाच्या वाटणीची चापट

दुसरबीड,
पोळ्यानंतरचा सोमवार, १९६१

तीर्थरूप सौ. कोकिळाअक्का हिच्या पायांवर धाकट्या कारभारीचं डोकं. दाजींनाही नमस्कार. इकडे माय, बाबा, गाय, कालवड सगळे खुशाल. मायचा गुडघा आहे तसाच आहे. तुझा लेक पुंजा तर इतका खुशाल आहे की विचारू नको. (मी खुशाल आहे का, ते पुढे वाच.)

तू थोरली अन् मी शेंडेफळ, म्हणून मामा-भाचे एकाच सातवीत, यात माझा काही गुन्हा नाही. दाजींनी त्याला आजोळी शिकायला ठेवलं तेव्हा तूच बजावलं होतं, "कारभारी, तू मामा हायस, लेकराकडं पाह्यजो." तेव्हापासून पाहतोच आहे. तो माझ्याहून चार बोटं उंच आहे, तरी पाहतो.

आता आमच्या वामनराव गुरुजींची रीत ऐक. गुरुजी प्रश्न विचारतात. ज्यांना येत नाही ते रांगेनं उभे राहतात, अन् ज्याला येतं त्यानं एका हातानं एकेकाचं नाक धरून दुसऱ्या हातानं चापट ठेवायची. चापट हळू बसली तर गुरुजी मारणाऱ्यालाच मारून दाखवतात, चापट कशी असते ते. मागच्या आठवड्यात महाराष्ट्राच्या नव्या कोऱ्या नकाशापुढे उभं राहून त्यांनी विचारलं, पैनगंगा कुठे उगम पावते? कोणाला येईना. मी म्हटलं, अजिंठ्याच्या डोंगरात. गुरुजी खूश झाले, अन् माझं नशीब तिथेच फुटलं.

मी मोठ्या हौसेनं रांग धरली. पहिल्या पोरांचं ठीक झालं. मग आला पुंजा. माझा हात वर गेला तो वरच राहिला. मामानं भाच्याला मारलं की म्हातारपणी मामाचे हात कापतात, हे मायनं मला किती वेळा सांगितलं आहे! आपल्या गल्लीतल्या उकंडरावांचं पाहा ना, बशीतला चहा ओठांपर्यंत येईस्तोवर अर्धा धोतरच पितं. त्यांनी तरुणपणी भाच्याला एकदाच बैल हाकायची पराणी मारली होती म्हणे. (अन् मला तर तलाठी व्हायचं आहे. कापऱ्या हाताचा तलाठी कोण ठेवील?) मी हे गुरुजींना नीट समजावून सांगितलं. सारा वर्ग खदखदा हसला, पुंजा सगळ्यांत जास्त. गुरुजी म्हणाले, "बरं, मग भाच्याच्या वाटणीची पुढच्याला दे."

पुढचा होता शालिग्राम.

अक्का, तुला शालिग्राम ठाऊकच आहे. पहिलीपासून माझ्या तरटाला तरट लावून बसणारा, विहिरीत मी गटांगळ्या खात होतो तेव्हा केसाला धरून वर काढणारा. त्याला मी दोन मारल्या. गुरुजी पाठीशीच उभे, त्यामुळे दुसरी जरा जोरातच बसली. तो रडला नाही. सुट्टीत त्यानं आपलं तरट गुंडाळलं अन् म्हणाला, "भाचा तुहा, मंग गाल माहा काऊन बे?" अन् खिडकीपाशी जाऊन बसला. पैनगंगेचं उत्तर मला आलं होतं, याचं आलं नाही.

मग माझे हाल सुरू झाले. एकट्यानं खायला बसलो की अर्धी भाकर फडक्यात बांधून परत आणतो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. माय म्हणते, घरचं ते घरचं, दोस्त उद्या दुसरा भेटंल. कुठून भेटेल? दुसरबिडात शालिग्राम एकच आहे. अन् तुझ्या चिरंजीवांनी पुस्तक उघडणंच सोडलं. विचारलं तर म्हणतो, "मामा हाय ना!" आता रांगेत त्याच्या शेजारी उभं राहायलाही पोरं भितात.

शनिवारी गुरुजींनी विचारलं, तापी कोणत्या समुद्राला मिळते? मला येत होतं. पण मी तोंड मिटून शालिग्रामच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, खाऊ तर दोघं मिळून खाऊ. तेवढ्यात पुंजा उठला अन् म्हणाला, "अरबी समुद्राला!" (मी घरी मोठ्यानं पाठ करतो, ते हा पांघरुणातून ऐकतो.)

भाच्यानं मामाला मारल्यानं कोणाचे हात कापतात, असं मायनं कधी सांगितलेलं नाही. पुंजानं माझं नाक धरलं अन् अशी एक ठेवून दिली की डोळ्यांपुढे नकाशातल्या सगळ्या नद्या एकदम वाहिल्या. मग माझं नाक न सोडताच त्यानं शालिग्रामकडे पाहिलं. मी धरल्या नाकानंच ओरडलो, "गुरुजी, शालिग्रामच्या वाटणीची मलेच द्या!" गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रीत त्यांनीच पाडलेली, नाही कसं म्हणणार? दुसरीही मलाच बसली.

शालिग्राम आधी आढ्याकडे पाहत राहिला, मग टोपीत तोंड घालून हसला. सुट्टीत त्यानं माझ्या तरटाला तरट लावलं, माझ्या भाकरीवर अंबाडीची भाजी ठेवली अन् म्हणाला, "गाल सुजला बे तुहा. चावता येते का?" येत नव्हतं. तरी सगळी खाल्ली.

बाकी तुझ्या लेकाची काळजी करू नको. मी पाहतोच आहे.

तुझा,
कारभारी

ता. क. खरं काम असं की, माय म्हणते भाच्याच्या आईनं स्वतः सांगितलं तर मामाचे हात कापत नाहीत. तर तेवढं एका पोस्टकार्डावर लिहून पाठव. एकच मारीन. मध्यम.

आणखी ता. क. आत्ता पुंजा चुलीवर चिंधी गरम करून आला अन् माझा गाल शेकत बसला. म्हणाला, "मामा, गुरुजी मागंच उभे होते ना, म्हून जोरात लागली." हेच मला शालिग्रामला सांगता आलं नव्हतं बघ. तेव्हा पोस्टकार्ड नको.

(पाठवलंस तरी चालेल. ट्रंकेत जपून ठेवीन.)