चोरओटी

खुटबाव,
फेब्रुवारी २००३

प्रिय सुलू,

तुझं पत्र कालच आलं. रात्रभर उत्तर मनात जुळवत होते, पण लिहायचं ते सगळं लाजेचंच आहे. तिसऱ्या महिन्यात गुपचूप ओटी भरतात, ती चोरओटी सासूबाईंनी माझी भरली, हिरवा खण दिला, हे तुला मीच कौतुकानं कळवलं होतं. ते बाळ नव्हतंच गं.

दिवाळीच्या आधीपासून मला ओकाऱ्या सुरू झाल्या, पाळी चुकली, आणि घरात आनंदीआनंद झाला. सासूबाई मला गोठ्यात पाऊल टाकू देईनात. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणायच्या, "चार बाळंतपणं झाली माझी, मला कळत न्हाई व्हय?" आणि खरं सांगू, मलाही ते लाड आवडले. दोन घासांत पोट तट्ट व्हायचं, ब्लाउज ढगळ होत चालले, तरी मी आरशात बाळच शोधायची. ओटी भरल्यावर दौंडला सोनोग्राफी केली, तर बाळ नाहीच. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. पण परतताना एसटीत सासूबाई पुढच्या बाकावर वेगळ्या जाऊन बसल्या, आणि पोटाच्या डॉक्टरांचा विषय तिथंच राहिला. मला वाटलं, ती ओटी मी खरोखरच चोरली. मग ओकारी आली की मी गोठ्यामागं जायची आणि वर राख टाकायची. जेवलीस का विचारलं की हो म्हणायची. शेवटी एकदा ओकारी काळी पडली, तेव्हा तुझ्या दाजींनी मला तडक पुण्याला नेलं.

तिथं दुर्बीण घालून पाहिलं. जठराचा कॅन्सर आहे. या वयात कसा, असं दाजी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. डॉक्टर म्हणाले, तरुणांत क्वचित होतो, म्हणूनच कुणाच्या मनात येत नाही. सगळे पित्त म्हणतात, आणि तो जठराच्या भिंतीत आतल्या आत पसरत जातो. माझा जठराबाहेरही गेलाय. ऑपरेशन होणार नाही, औषधांनी काही महिने मिळतील. सासूबाई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. परवा पायाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं गं पोरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात आणखी कुणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आपली आई आठवली. तिच्याही ओकाऱ्यांना आपण ती जाईपर्यंत पित्तच म्हणत राहिलो होतो. आणि आता तू लिहितेस, अन्न टिकत नाही, पण मामींच्या घरात राहून त्यांना कळू दिलेलं नाही. बिनलग्नाची मुलगी ओकायला लागली तर रेल्वे कॉलनीत काय बोलतील, म्हणतेस. सुलू, ओकारीनं मला ओटी मिळाली, तुला बोल लागतील, एवढाच फरक. तुला हाच आजार असेल असं नाही. पण बघायलाच हवं, आत्ताच. मामींना मी वेगळं लिहिलंय. त्यांना काय संशय घ्यायचा तो घेऊ दे. सोमवारी दाजी तुला पुण्याच्या त्याच डॉक्टरांकडे न्यायला येतील, मीही येईन, तुला तपासत असतील तोवर बाहेर बाकावर बसेन. लाजेपायी मी जीव घालवून बसले. तू राख टाकू नकोस, सगळ्यांच्या देखत ओक.

तुझीच,
ताई