आठ इंची चाक

१२ सप्टेंबर, सकाळी ७
अठरा वर्षं ऊस तोडला. यंदा तोडणार नाही. वैष्णवी दहावीला आहे. आईबाप यंदा घरीच राहणार, असं तिला सांगून टाकलं. आमच्या युसूफवडगाव गावातच मी कोयत्यांना धार लावायचं वर्कशॉप काढतोय. बेंच ग्राइंडर आला. चाक आठ इंची. दोन्ही बाजूंना कंपनीच्या जाहिरातीचे गोल कागद चिकटवले होते. खरवडून काढले.

१३ सप्टेंबर
चाक डुगडुगतं. टेबल नाचतं. फरशी खराब आहे.

१५ सप्टेंबर
मुकादम धोंडीराम टोळीचे चाळीस कोयते देतो म्हणाले. जमलं तर बाकीच्या टोळ्यांचेही. न्हाई जमलं तर गाडीत तुझी जागा हायच, म्हणाले. मी हसलो.

१८ सप्टेंबर
मोबाईलवर बघून चाक खरवडायचा ड्रेसर लावला, चाक गोल केलं. सात इंच राहिलं. थरथर कमी वाटली. बायकोला, बायनाबाईला, वाटली नाही. फळीवरचे तिचे डबे खाली आले.

२१ सप्टेंबर
बॅलन्सिंग. चाक सळईत ओवून दोन पात्यांवर ठेवलं. जड बाजू खाली येते. ती घासली. मग दुसरी जड झाली. मग परत पहिली. शेवटी पुन्हा ड्रेसर. सहा इंच.

२४ सप्टेंबर
बायनाबाई म्हणाली, त्यो कागद कावून काढला? नट आवळताना चाक नीट बसाया आसंल की. तिला मशीनमधलं काही कळत नाही.

२४ सप्टेंबर, दुपारी
मोबाईलवर पाहिलं. कागद त्यासाठीच असतो. वैष्णवीच्या वहीच्या पुठ्ठ्यातून दोन गोल कापून बसवले. चाक एकदम शांत. हे मला सुचणारच होतं, ती आधी बोलली इतकंच.

२९ सप्टेंबर
कोयते आले. चाक गुळगुळीत झालंय, लई दाबावं लागतं. पाती निळी पडतात. दिसायला देखणी. चाळीसच्या चाळीस केले.

३ ऑक्टोबर
धोंडीराम फडात तोडून बघून आले. चार उसांत धार मुडपली. पोलाद तापवून पाणी उतरवलंस बे, आता धार धरत न्हाई, म्हणाले. सगळे कोयते लोहाराकडे नेले. माणसाला नवीन तंत्रज्ञान सोसत नाही.

८ नोव्हेंबर, सांगलीकडं, फडात
वर्कशॉप तात्पुरतं बंद. बायनाबाई कोयत्याला कानशीनं धार लावते. कोन चुकीचा आहे. ऊस तुटतो, ही गोष्ट वेगळी.
वैष्णवी आत्याकडे, छबुबाईकडे आहे. फोन केला. म्हटलं, पुढल्या वर्षी नवं चाक घेतो, आम्ही घरीच राहू. ती म्हणाली, पुढल्या वर्षी माझी दहावी नसंल, दादा.
रेंज कमी होती. नीट ऐकू आलं नाही.