आतल्या खोलीतले यंत्र बंद करू नये याबाबत

मी, शेख जलाल शेख करीम, वय एकसष्ट, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार उमरखेड, जिल्हा यवतमाळ, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या मागे पत्नी जमिला, एकुलती मुलगी तमन्ना आणि धाकटा भाऊ अब्रार हे वारस राहतात. मला मुलगा नसल्याने आमच्या कायद्याप्रमाणे घरात अब्रारचाही वाटा येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे घर बांधताना विटा त्यानेही वाहिल्या आहेत.

२. दुकानातले वाइंडिंगचे यंत्र, तारेची शिल्लक रिळे आणि सगळी हत्यारे माझ्या दुकानात काम करणाऱ्या लालीबाई राठोड यांना द्यावीत. त्या वारस नाहीत, पण तिसऱ्या हिश्शापर्यंत मला बाहेर देता येते आणि हे त्यात सहज बसते. गिऱ्हाईक माझे नाव घेऊन येत असे, कॉइल त्या भरत असत. पाटीवर आता त्यांचे नाव लावावे.

३. पाण्याच्या मोटारीवरून ज्या शेजाऱ्याने माझ्यावर पोलिसांत अर्ज दिला होता, त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याची मोटार अजून माझ्याकडेच दुरुस्तीला येते. लालीबाईंनी ती घ्यावी, पण सगळ्यांत शेवटी करावी.

४. आता मुख्य गोष्ट. घराची आतली खोली आणि तिच्यातला कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, दोन्ही बॅटऱ्या आणि इंटरनेटची जोडणी तमन्नाच्या वाट्याला यावी, आणि तिची इच्छा असेपर्यंत ती खोली विकू नये की भाड्याने देऊ नये, अशी माझी इच्छा आहे. एका वारसाला असे जास्तीचे देणे बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय होत नाही. जमिलाची संमती आहे. आमचे वकील घनश्याम तेलंग म्हणाले, "जलालभाई, जिवंतपणीच बक्षीसपत्र करून टाका, भावाला विचारायची गरजच नाही." मी नाही म्हटले. भावाच्या पाठीमागे काही करायचे नाही. म्हणून त्याने वाचून ठरवावे यासाठी कारण सविस्तर लिहितो.

तमन्ना तीन वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि ऐकू येणे गेले. यवतमाळला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती दहावीपर्यंत शिकली. दहावी झाल्यावर मुले आपापल्या गावी पांगली. तिथे त्यांच्याशी हाताने बोलणारे कोणी नव्हते. कोणी गुरांमागे गेले, कोणी कापूस वेचायला. त्यांच्यापैकी काहींजवळ मोबाइल होते. तेव्हा तमन्नाने दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ बसवला. त्यात ठोकळे रचून घरे बांधायची, आणि खाली लिहून एकमेकांशी बोलायचे. खेळ आमच्या घरात चालायचा आणि मुले आपापल्या गावाहून त्यात यायची. त्यांनी आत शाळा बांधली, बसस्टँड बांधला, जेवणाची लांब पंगत बांधली.

आधी तो पडद्यावरच्या एका चौकटीत चालायचा. जमिलाने धूळ पुसताना ती चौकट बंद केली की सगळी मुले बाहेर. लाइन गेली की बाहेर. मग तमन्नाने तो बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस म्हणून लावला. हे काय, म्हणून मी विचारले. तिने एका हाताने पोळी लाटत असल्याची खूण केली आणि दुसरा हात पाठीमागे नेऊन त्याची बोटे हलवत ठेवली. मला समजले. पडद्यावर काही दिसत नाही, कोणी समोर बसावे लागत नाही. यंत्र चालू झाले की खेळ आपोआप चालू होतो, मध्येच पडला तर स्वतःच उठतो.

सन २०१५ मध्ये आम्ही जमिलाच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेलो होतो. घर अब्रारकडे होते. रिकाम्या घरात यंत्र कशाला, म्हणून त्याने पिना काढल्या आणि बॅटरीची वायरही सोडवली. तेव्हा खेळ नेमका मुलांनी बांधलेले सगळे फाइलीत उतरवून ठेवत होता. ती फाइल बिघडली आणि मुलांनी उन्हाळाभर बांधलेले गेले. आम्ही परतल्यावर तमन्ना त्याच्यासमोर उभी राहून हाताने काही बोलली.

अब्रारने मला विचारले, "काय म्हणते रे, भाई?"

मी सांगितले, "म्हणते, काकानं माझ्या मैत्रिणींले घराबाहेर काढलं."

तो हसला. "खेळातल्या मैत्रिणी," म्हणाला.

त्यानंतर दोन वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. ईदलाही नाही.

सन २०१७ चा पावसाळा जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, अळी पडली होती, आणि फवारणारी माणसे दवाखान्यात भरती होत होती. फुलसावंगीच्या पुढचा गोविंदा हा तमन्नाच्या वर्गातला. तो मजुरीने फवारणी करी. त्या दुपारी तमन्ना धावत दुकानात आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. खेळात गोविंदाने लिहिले होते: "दिसत नाही. उलटी. वावरात एकटा." त्याची आई बिजलीबाई दुसऱ्यांच्या निंदणाला गेलेली. फोन करून त्याला बोलता येणार नव्हते, हाक मारून कोणी ऐकेल इतके कोणी जवळ नव्हते.

गाडी अब्रारकडे होती, वडाप जीप. तमन्नाला घेऊन मी स्टँडवर गेलो. जीप प्रवाशांनी भरलेली होती.

"अब्रार, गाडी काढ. फुलसावंगीच्या पुढं जायचं हाय. पोरगं फवारताना पडलं."

"कोणाचं?"

"तमन्नाच्या शाळेतलं."

त्याने प्रवाशांना उतरायला सांगितले. एकाने वाद घातला तेव्हा त्याची पिशवी स्वतः खाली ठेवली.

वाटेत त्याने विचारले, "त्याले बोलता येत नाही म्हणतोस. मंग तुले सांगितलं कोणं?"

"आतल्या खोलीतल्या मशीननं."

गावात शेत कोणते ते कोणाला नीट सांगता येईना. गोविंदा नेहमी कामाला जाई ते वावर त्याने खेळात बांधून ठेवले होते, पांदण, विहीर, बाभळींची रांग. तमन्ना जीपमध्ये पुढे बसून हाताने वळणे दाखवत गेली आणि अब्रार वळवत गेला. गोविंदा विहिरीच्या कडेला पालथा पडलेला होता, तोंडाला फेस. अब्रारने त्याला एकट्याने उचलले. त्याचे औषधाने भिजलेले कपडे तिथेच काढून विहिरीच्या पाण्याने त्याचे अंग धुतले आणि त्याला स्वतःचा सदरा घातला. उमरखेडला सलाइन लावून पुढे यवतमाळला हलवले. पोरगा वाचला. एका डोळ्याने अंधूक दिसते. आता फवारत नाही, शेळ्या सांभाळतो, आणि खेळात रोज येतो.

या गोष्टीने २०१५ ची गोष्ट पुसली जात नाही. दोन्ही खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिल्या.

५. बॅटऱ्यांत दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावे. पंख्याच्या जाळीतली कापसाची तुसे ब्रशने काढावीत, फुंकू नये.

६. या लेखाची अंमलबजावणी घनश्याम तेलंग यांनी करावी.

७. आज सकाळी अब्रारला बोलावून वरील मजकूर वाचायला दिला. तो चष्मा लावून सावकाश वाचत होता.

"मी हासलो असं लिहिलं तू."

"हासला होतास."

"हो," म्हणाला. मग, "खोडू नको."

त्याने संमतीची सही केली. वकिलांच्या मते ही संमती मी गेल्यावर पुन्हा द्यावी लागेल, तेव्हाच ती पक्की. अब्रार म्हणाला, "तवाबी देईन. पण ते बंद पडलं तं उठवायचं कसं, ते मले कोण दाखवन?" तमन्नाला मी खुणेने सांगितले. ती त्याला आत घेऊन गेली आहे. मी हे कलम लिहीत असताना आतून त्याचा आवाज येतो आहे. तिला ऐकू येत नाही हे विसरून तो तिला एकेक गोष्ट विचारतो आहे.

येथे माझे लिहिणे संपले. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

सही: शेख जलाल शेख करीम
संमती: जमिला शेख जलाल, शेख अब्रार शेख करीम

साक्षीदार:
१. डॉ. दिपाली अमर वानखडे, उमरखेड
२. विठ्ठलराव मारोतराव चिंचोलकर, शेजारी, उमरखेड

ठिकाण: उमरखेड
दिनांक: १७ फेब्रुवारी २०१९