पयले वाचू द्या

सर,

परवा सकाळच्या पाळीत लोहाऱ्यातल्या आमच्या कारखान्याचं सूत कातायचं मशीन बंद पडलं. त्याच्या कॉम्प्युटरवर नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. नागपूरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, सगळं पुसून नव्यानं टाकू. म्हणजे मशीनची सेटिंग गेली आणि चार दिवस चाळीस बाया घरी. कारखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळते. मी सुपरवायझरला म्हटलं, “थांबा. पयले वाचू द्या.”

हे बोलणं तुमचं. आर्णीत तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे तीन जुने कॉम्प्युटर होते आणि मी तांड्यावरून सायकलनं शिकायला यायची. एकदा निकालाची फाईल नुसती बघायला म्हणून उघडली, भलतंच बटन दाबलं आणि अर्ध्या मुलींची नावं गेली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्यापुढे उभे आहात. “तुले पाह्यचंच होतं ना? मंग हात कायले लावला? पयले वाचत जाय!” मी रडत नाही, उलट विचारते, “मंग पाहू कशी?” तुम्ही खुर्ची ओढून बसता, काळ्या पडद्यावर ‘टाइप’ ही आज्ञा लिहून पुढे फाईलचं नाव लिहिता. मजकूर समोर येतो आणि फाईल जशीच्या तशी राहते. मोठी फाईल भर्रकन वर पळाली तेव्हा म्हणालात, “बेटा, ‘मोर’ लाव. ते एकेक पान दाखवते अन् तुह्यासाठी थांबून राह्यते.” मी वहीत तो इंग्रजी ‘मोर’ मराठीत लिहून त्याला पिसारा काढला. तो पाहून तुम्ही हसलात, राग तिथेच संपला.

परवा मशीनच्या नोंदींची फाईल मी तशीच वाचली, एकेक पान. मागे बाया डबे हातात घेऊन उभ्या. चौथ्या पानावर एकच ओळ पुन्हा पुन्हा: सेटिंगची फाईल सापडत नाही. यादी काढली तर फाईल तिथेच होती. कुणीतरी उघडून सेव्ह करताना तिच्या नावाला ‘टीएक्सटी’चं शेपूट लागलं होतं, म्हणून मशीनला ती ओळखू येत नव्हती. मी ते काढलं आणि मशीन सुरू केलं. सूत गुंडाळणाऱ्या चात्या फिरू लागल्या. मला नवल वाटलं नाही, सर. मला हे काम येतं.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. पत्र पाठवणार तरी कुठे? पण एक कबूल करायचं राहिलं. दुपारी जेवताना एका बाईनं विचारलं, “मॅडम, तुमाले हे कोनं शिकवलं वं?”

मी भाकरी मोडत म्हटलं, “कोनंच नाही. माही मीच शिकली.”