लॅबमधून अक्षय बोलतोय

वरसे, रोहा
गुरुवार

प्रिय नूतनताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळं बरं आहे. बरं कसलं, झकास आहे! हातात मोबाइल असताना हा पत्र का लिहितोय, असं तू भाओजींना विचारशील. पण गेलं वर्षभर तुझा फोन आला की मी ‘कामात आहे’ एवढा मेसेज टाकून गप्प बसतो. त्याचं कारण तुला कधी सांगितलं नाही.

त्या चौथ्या इंटरव्ह्यूला तू सोबत आली होतीस. साहेबांनी नाव विचारलं, माझा ‘अ’ घशातच अडकला आणि तू पटकन म्हणालीस, “अक्षय. बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास.” साहेब हसले, “मग नोकरी बाईंनाच देऊ का?” ताई, लहानपणापासून माझं बोलणं तूच बोललीस. गागोद्याच्या एका खोलीच्या शाळेत माझी ‘हजर’सुद्धा मागच्या बाकावरून तूच द्यायचीस. पण त्या दिवशी वडखळला गाडी बदलताना मी ठरवलं, आता ताईला सोबत न्यायचं नाही. मग तुला न सांगताच रोह्याला आलो. चूक त्या साहेबांची होती, राग मात्र तुझ्यावर काढला.

त्याच्या आधीची गंमत तर तुला ठाऊकच नाही. तिसऱ्या इंटरव्ह्यूला नाव निघेना, म्हणून मी जे सुटलं ते सांगून टाकलं, “रमेश.” सर्टिफिकेटवर अक्षय, समोर रमेश! वॉचमनपर्यंत बातमी गेली. हस, हस. आता मलाही हसू येतं.

इथे समाजमंदिरात दर गुरुवारी नमिताताई बसतात. ज्यांना कोणी दारात उभं करत नाही, त्यांना त्या कामाची वाट दाखवतात. आम्ही तिघं एकदमच गेलो होतो. मशीनमध्ये तीन बोटं गेलेले विठूदादा, शाळेचा दाखला नसलेली कातकरवाडीची सरू, आणि मी. त्यांनी विचारलं, “तुला काय काय येतं?” मी कागद ओढून लिहायला लागलो. त्यांनी कागद काढून घेतला. “मला वेळ आहे,” म्हणाल्या. मला वाटलं होतं, या श्वासाचे व्यायाम देतील. त्यांनी मला फक्त तीन वाक्यं दिली: मी अडखळतो. थोडा वेळ लागेल. काम मला येतं. दर गुरुवारी मी ती सगळ्यांसमोर म्हणायचो. मी थांबलो की सरू पदर सावरून निवांत बसायची, “बोल दादा, मला कुठं घाई हाय?” तीच सरू आता नर्सरीत रोपांवर आहे आणि विठूदादा स्टोअरला. विठूदादा डाव्या हाताने माझ्यापेक्षा सुंदर लिहितात.

नमिताताई आधी स्वतः कंपनीत जाऊन आल्या. “याला प्रश्न विचारा, पण हातात ब्युरेटही द्या,” असं सांगून आल्या. मी ती तीन वाक्यं बोललो. दीड मिनिट लागलं असेल. समोरच्या बाई घड्याळाकडे न बघता ऐकत होत्या. मग ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब मोजून टायट्रेशन करायला दिलं. ताई, हात कुठेच अडखळले नाहीत. पाच महिने झाले, मी लॅबला आहे.

पण पहिल्याच दिवशी कळलं की दर तासाचं रीडिंग प्लांटला फोनवरून सांगायचं असतं! कसाबसा फोन लावला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, “आवाज तुटतोय हो.” मी म्हणालो, “लाइन नीट आहे. लॅबमधून अक्षय बोलतोय. मी अडखळतो.” ती म्हणाली, “असं व्हय? मग सांगा सावकाश.” आणि थांबली. तिने एकदाही माझा आकडा पुरा केला नाही. आकडा अंदाजाने लिहून चालत नाही ना! तिचं नाव भाग्यश्री. पुढे पुढे मी रीडिंगशिवायही फोन करू लागलो.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. गेल्या रविवारी कुंडलिकेच्या काठावर मी भाग्यश्रीला लग्नाचं विचारलं. चार शब्दांचं वाक्य, पण तेवढ्यात बगळा दोनदा उडून परत येऊन बसला. ‘हो’ म्हणताना मात्र तीच अडखळली. येत्या रविवारी तिच्या घरी मागणी घालायला जायचंय. बाबा म्हणतात, बोलणी मामांना करू दे. मी सांगितलं, मीच बोलणार. मामा मागे बसतील, पण माझ्या शेजारची जागा तुझी. तू नसशील तर मी उंबराही ओलांडणार नाही. सकाळी नऊच्या आत तुला न्यायला पेणला येतो, ती मोरपंखी साडी काढून ठेव. आणि माझं बोलणं लांबलंच, तर काळजी करू नकोस, तू खुशाल पोहे खा.

तुझाच धाकटा,
अक्षय