नवशिक्यांची नेमबाजी

ठाणे, पौष वद्य तृतीया, सायंकाळी.

अजून चीड जात नाही. कलेक्टरसाहेबांनी आज खाडीकाठी नवशिक्यांसाठी पिस्तुलाच्या नेमबाजीची शर्यत ठेवली होती. कचेरीतून आम्ही कारकून गेलो, आणि आमचे शिरस्तेदार रावसाहेब. दोन्ही कानांत हा एवढा कापूस, मुद्रा जणू लढाईवर निघाल्याची! साहेबांची गोळी फळीच्या कडेला लागली. रावसाहेबांनी लगेच आपली मुद्दाम चिखलात घातली आणि मला दटावले, "साहेबांच्या पुढे जाऊ नका. नोकरी करायची आहे ना?"

बायकोपोरे डोळ्यांपुढे आली, खोटे का लिहू? पण असल्या माणसाचे ऐकायचे? नेम धरला. गोळी थेट काळ्या ठिपक्यात!

साहेब खूश. "शाबास! कोणी शिकवलं?"

मी तोंड उघडतो तोच रावसाहेबांनी कानांतला तो कापूस उपटला. "मीच, हुजूर! रोज तालीम देतो." आयुष्यात आज प्रथम पिस्तूल धरलेला माणूस! साहेबांनी हस्तांदोलन केले ते त्याच्याशी.

परतताना वर मलाच म्हणतो, "पाहिलंत? नोकरी वाचवली तुमची."

मी रस्त्यात थुंकलो. पण केव्हा? तो वळणाआड गेल्यावर.