समाधानी चेहरा क्रमांक नऊ

वडनेर भोलजी, ता. नांदुरा,
जि. बुलढाणा
शुक्रवार, १० मे २०१३

चि. ज्ञानेश्वर यास,

मंगळवार दिनांक ७ मे २०१३ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शाकिरच्या झेरॉक्सच्या दुकानात, अकरा माणसांच्या देखत, मी एका लोखंडी पाटीची पूजा करताना पकडले गेले.

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते हे मला ठाऊक आहे. म्हणून अनेक उत्तम आशीर्वाद. (ते देऊन झाले आहेत, परत घेता येत नाहीत, याचं वाईट वाटतं.) तुझी प्रकृती कशी आहे? हैदराबादचं पाणी मानवलं का? सूनबाईंची कंबर काय म्हणते? इकडे ऊन चव्वेचाळीसवर गेलंय, माझे गुडघे बरे आहेत आणि रक्तदाब मंगळवारी चार वाजून नऊ मिनिटांपर्यंत उत्तम होता.

आता घडलं ते क्रमाने सांगते, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हांला तक्रार कशी लिहायची ते छडी मारून शिकवलं होतं: आधी तारीख, मग वेळ, मग जागा, आणि रडणं सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. मी गेले होते आधारकार्डाची झेरॉक्स काढायला. शाकिर (हा माझा दहावीचा विद्यार्थी, आता चाळिशीचा आहे, डोक्यावर केस नाहीत, तरी माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही) मला पाहून धावतच बाहेर आला. ‘मॅडम, आओ आओ, आपकाच चल रहा है!’ आत पंख्याखाली सगळे कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीने उभे. पडद्यावर नारिंगी चौकट, कोपऱ्यात तुमच्या नभश्री सीड्सचा तो गुबगुबीत ढग, मागे बासरी, आणि मध्ये मी. डोळे मिटलेले, हात जोडलेले. समोर तुमच्या बियाण्याच्या नावाची पाटी, तिच्यावर हळदकुंकू, आणि आमची वेचणीवाली जनकाबाई तिला ओवाळते आहे. खाली अक्षरं आली: ‘समाधानी चेहरे, क्रमांक नऊ.’ मग माझाच आवाज: ‘सप्टेंबरात शेतात उभी राहिले की वाटायचं, आभाळच खाली उतरलंय.’ आणि ढग फुटून अक्षरं झाली: ‘नभश्री ७ : ढगांचं पीक.’ दुकानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, ज्ञानेश्वर. मी चौतीस वर्षं शिकवलं, निवृत्त होताना नारळ मिळाला, पण टाळ्या पहिल्यांदाच.

तू फोनवर म्हणाला होतास की कंपनीच्या वेबसाइटवर व्हिडिओ गॅलरी उभी करायचं काम तुझ्याकडे आलंय, एक तरी बाई पाहिजे, शिकलेली पाहिजे, आत्या तू फक्त दहा मिनिटं दे. प्रात्यक्षिकाचं बियाणं तूच गेल्या जूनमध्ये पाठवलं होतंस, नाही कसं म्हणणार? तुझी माणसं आली दसऱ्यानंतरच्या शनिवारी, आणि नेमकी त्याच दिवशी आमची सीतादही होती. तू हैदराबादेत राहून विसरला असशील म्हणून सांगते. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बायका पूर्वेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडतात, पाच झाडांना कापसाचा धागा गुंडाळतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो शेतात शिंपडतात, आणि मगच ओटीत पहिलं बोंड पडतं. आता त्याच धुऱ्यावर तुमच्या माणसांनी जुलैत ती पाटी रोवली होती. पाटीखालची जागा तेवढी साफ होती, म्हणून खडे तिथे मांडले गेले. आणि खडे मांडल्यावर पाटी कोरडी कशी ठेवायची? आपल्याकडे शेतात नवं काही उभं राहिलं की त्याला हळदकुंकू लागतंच, मग तो पंप असो, फवाऱ्याची टाकी असो की विजेचा खांब. (गेल्या वर्षी मोजणीदार साहेब जरा जास्त वेळ उभे राहिले, तर त्यांनाही लागलं.) तुमच्या माणसांना वाटलं, ही कंपनीवरची भक्ती. माझे डोळे मिटलेले होते कारण दहीभात शिंपडताना एक शीत डोळ्यात गेलं होतं. आणि परवानगीच्या कागदावर सही केली तेव्हा माझ्या एका हातात दह्याची वाटी होती. न वाचता सही करू नका, असं मी हजारो मुलींना सांगितलंय. दह्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

बोलले मी सात मिनिटं. आभाळाचं ते वाक्य पहिलं होतं, खरंच होतं. त्यापुढे मी सांगितलं की ऑक्टोबर लागला तसं पान कडेकडेने लाल व्हायला लागलं, लाल्या आला, आमची जमीन हलकी, कोरडवाहू, हातभर खाली मुरूम. या वाणाला भारी जमीन आणि पाणी हवं. आमच्यासारख्यांनी हे पेरू नये, हे मी स्पष्ट, कॅमेऱ्याकडे बघून, दोनदा सांगितलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद गेली कुठे? अर्धं वाक्य हे पूर्ण खोट्यापेक्षा मोठं पाप आहे, असं सिस्टर म्हणायच्या, आणि त्या तुझी गॅलरी पाहायच्या आधीच वारल्या.

इथवर मी रागावले आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. आता पुढचं ऐक, कारण पुढे मला नीट राग येत नाही, आणि तीच खरी अडचण आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुरावा गोळा करायला म्हणून पुन्हा शाकिरकडे गेले. तुझा कॅमेरावाला गृहस्थ धुऱ्याशी एका झाडाखाली पालथा पडला होता ते मला आठवत होतं. त्या झाडावर नऊ बोंडं फुटली होती. मोडक्या फांदीवरून मी ते झाड ओळखलं, ते व्हिडिओत सात वेळा आहे. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी नुसती बोंडं आणि मागे निळं आभाळ. हे सगळं मी वहीत टिपलं. आणि टिपता टिपता पेन थांबलं. पाचचं ऊन तिरपं पडलंय, बोंडातून एक तंतू सुटून हवेत तरंगतोय, पडतच नाही. जनकाबाईच्या हातातली निरांजनाची ज्योत डुलते आहे. खूप लांब सातपुड्याची निळी रेघ, आणि तिच्यापर्यंत, अगदी तिच्या पायथ्यापर्यंत, पांढरं. माझं शेत आठ एकर आहे, ज्ञानेश्वर. सातपुडा इथून चाळीस किलोमीटर. पण त्या पडद्यात कुणाचा धुरा आड येत नव्हता. बासरी थांबली तेव्हा शाकिर हळूच म्हणाला, ‘फिर से लगाऊं, मॅडम?’ मी म्हटलं, पुराव्यासाठी लाव.

तुझे बाकीचे समाधानी चेहरेही पाहिले. बारा चौकटी, बारा माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर तीच ढगाची टोपी (मी टोपी घातली नाही, एवढी तरी अब्रू राखली). संग्रामपूरचे एक गृहस्थ, धामणगाव बढ्याचे एक, आणि सगळ्यांच्या शेतात तेच पाचचं ऊन. कुणाच्याही शेतात सकाळ नाही, दुपार नाही, कुणाची सावली सरकत नाही. असं वाटलं की हे सगळे जण एकाच शेतात, एकाच संध्याकाळी उभे आहेत आणि कुणी हाक मारली तर वळून बघणार नाहीत. मी त्यांच्यात नववी.

मग जनकाबाई आली. हिने माझ्या शेतात वीस वर्षं वेचणी केली आहे, आणि हे शेत हिच्या टोळीने दोन वेचण्यांत संपवलं होतं, तिसऱ्या वेळी आम्ही बकऱ्या सोडल्या. तिने पदर तोंडाला लावून तो व्हिडिओ पाहिला.

‘बाई, कित्ती पांढरं होतं व आपलं वावर!’

‘जनकाबाई, तू स्वतः वेचलंस ना? चौथ्या दिवशी बोंडं संपली. पान लाल झालं होतं.’

‘ते तं आपल्या डोयाले दिसलं. कॅमेऱ्याले जास्त दिसते.’

मी तिला समजावलं की कॅमेऱ्याला कमी दिसतं, तो फक्त समोरचं बघतो. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं, जशी मी गणितात कच्च्या मुलींकडे पाहायची. म्हणाली, ‘आपणच हुकलो असन, बाई. घाईत वेचून राह्यलो होतो.’ आणि घरी जाऊन मुलाला सांगितलं की यंदा तेच पेरायचं.

आता तुला कळलं असेल की हा माझ्या अब्रूचा प्रश्न राहिलेला नाही. पंजाबरावच्या कृषी केंद्रावर (हा नववीत दोनदा बसला, दोन्ही वेळा माझ्याच वर्गात) माझा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा फ्लेक्सवर लागला आहे. बियाण्याला आता कुणी नभश्री म्हणत नाही, ‘मॅडमवाली बॅग’ म्हणतात. बुधवारपर्यंत त्याच्याकडे बावीस घरांनी नावं लिहून ठेवली होती, आणि बावीसपैकी एकोणीस जणांची जमीन माझ्यासारखीच हलकी. मृग महिन्यावर आला आहे. एकदा बी टोबलं की परत उपटता येत नाही, वर्ष जातं. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून चाळीस मिनिटं बोलले. लाल्या सांगितला, मुरूम सांगितला, बकऱ्या सांगितल्या. लोकांनी आदराने ऐकलं. मग मागून एक जण म्हणाला, ‘मॅडम, तिकडं व्हिडिओत तं तुमी येगयंच म्हणून राह्यल्या.’ मी म्हटलं, ती मी नाही. तो म्हणाला, ‘अशी कशी? लुगडं तेच हाये.’ आणि पंजाबरावने मला पाणी देऊन विचारलं की हे लाल्याचं पण छान बोलल्या तुम्ही, याला बासरी लावून मिळेल का?

तो मूर्ख नाही. मी विचार करते आहे की त्याचंच बरोबर असावं.

दुपारी झोप लागत नाही म्हणून मी हल्ली शेतावर जाऊन लिंबाखाली बसते. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नेल्या आहेत, नांगरट झाली आहे, ढेकळांवरून झळा उठतात. त्या झळांमध्ये बघत राहिलं की थोड्या वेळाने पांढरं दिसायला लागतं. आधी एक ठिपका, मग ओळ, मग ओळींमागून ओळी, सातपुड्यापर्यंत. मी डोळे चोळत नाही. चोळले तर जाईल म्हणून. पान लाल झालं होतं याचा पुरावा म्हणून मी ऑक्टोबरात एक पान शब्दकोशात दाबून ठेवलं होतं, ते काल काढलं. ते नुसतं तपकिरी झालं आहे. आधी लाल होतं की हिरवं, त्याच्याकडून काही कळत नाही. पान ज्या पानावर होतं तिथे मात्र एक फिकट डाग पडला आहे, ढगासारखा.

तेव्हा माझी मागणी अशी: तो व्हिडिओ गॅलरीतून तत्काळ काढावा, फ्लेक्स उतरवण्याविषयी पंजाबरावला कंपनीच्या कागदावर कळवावं, आणि माझी माफी मागावी. माफी शुद्ध मराठीत असावी.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. आशीर्वाद वर दिलेच आहेत.

तुझी,
पुष्पांजली आत्या

ता. क. वरची मागणी वाचलीस ना, ती खोडून टाक. व्हिडिओ काढलास तर लोक म्हणतील, चांगलं बियाणं संपलं म्हणून काढला, आणि दुप्पट गर्दी करतील. माझी उरलेली सहा मिनिटं पन्नास सेकंद तुमच्याकडे कुठेतरी पडली असतील. ती शोध आणि त्याच गॅलरीत लाव, तीच नारिंगी चौकट, तोच ढग, तीच बासरी. इथे मोकळ्या तोंडाने सांगितलेलं आता कुणाला खरं वाटत नाही. बासरी वाटलं तर लाल्याच्या ठिकाणी जरा हळू कर. तुझे साहेब नाही म्हणतील. त्यांना सांग, तेराव्या समाधानी चेहऱ्याची जागा रिकामी आहे, आणि मी टोपी घालायला तयार आहे.

ता. क. दोन. हे जनकाबाईला कळू देऊ नकोस. काल सकाळी मी पंजाबरावच्या दुकानी गेले होते ते फ्लेक्सवरून भांडायला. पायरीवर उभी राहिले, फ्लेक्सकडे पाहिलं, आणि परत आले ते दोन बॅगांसाठी माझं स्वतःचं नाव लिहून. का लिहिलं, हे मला सांगता येणार नाही. म्हणून आत्याला नव्हे, एका हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला उत्तर दे: नभश्री ७ माझ्या मुरमाड आठ एकरांत लाल पडेल की नाही? हो किंवा नाही, एवढंच. कागदावर, तुझ्या अक्षरात, सहीनिशी, चित्र नको. शुक्रवार दिनांक ३१ मे २०१३, सायंकाळी पाच वाजेपर्यंत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. त्यानंतर आलं तर उपयोग नाही, कारण तोवर मी बॅगा घरी आणलेल्या असतील, आणि या गावात मला अडवणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.